कॅन, कुड आणि रिसेप्शनची खुर्ची

३ मार्च, सोमवार
हॉटेलच्या रिसेप्शनवर जागा निघाली. आतल्याच माणसाला देणार. म्हणजे मला. दुसरं आहे कोण? इतकी वर्षं तळघरातल्या लॉन्ड्रीचा सुपरवायझर आहे. खिडकी नाही. पूलचे टॉवेल जास्त आले की समजायचं, वर ऊन पडलंय.
मुलाखत पुढच्या शुक्रवारी, इंग्रजीत. इंग्रजी मला येतं. फक्त कॅन-कुड, मे-माइट, शुड-मस्ट यांची जरा गल्लत होते. रोज एक जोडी घ्यायची. विषय संपला.

४ मार्च, सकाळी
कॅन-कुड झालं. कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ. लोक उगाच बाऊ करतात.

संध्याकाळी
मुलगी आठवीत आहे. म्हणाली की बाबा, नम्रपणे विचारतानाही कुडच वापरतात. पाहुण्याला 'कुड यू साइन हिअर' म्हणायचं. मी म्हटलं, तो भूतकाळात जाऊन सही कशी करेल? ती आईकडे गेली. दोघी बराच वेळ हसत होत्या. हल्ली शाळांत काहीही शिकवतात.

६ मार्च
मुलीचं बरोबर निघालं. तिला सांगितलं नाही, शेफारेल.
काल डोकं दुखत होतं म्हणून मे-माइट आज घेतलं. माइटमध्ये मेपेक्षा शक्यता कमी. कमी म्हणजे किती? यावर पुस्तक मूग गिळून बसलंय. जीव थाऱ्यावर राहीना. उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा उठलो, गॅलरीत फेऱ्या मारल्या. बायकोला विचारलं, ही नोकरी माझ्या बाबतीत मे आहे की माइट? ती म्हणाली, आधी एका जागी बसा.

७ मार्च
नवा निश्चय. सराव कामावरच करायचा. हुकूम बंद, विनंती सुरू. मराठीत का होईना, वळण पडलं पाहिजे.
मशीनवाल्या ताईंना म्हणालो की शक्य असेल तर हा लॉट आधी लावता येईल का? ताईंनी मशीन थांबवून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मग परवानगीच्या मेचा सराव म्हणून इस्त्रीवाल्या काकांना सांगितलं की आपण थोडा वेळ बसू शकता. ते बघतच राहिले. इथे त्यांना बसा असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं म्हणे. चादरींचा ढीग दुपारीच संपला. योगायोग.

१० मार्च
शुड म्हणजे सल्ला, मस्ट म्हणजे सक्ती. मस्ट माझ्या स्वभावाला जवळचा, पण रिसेप्शनवर उपयोगाचा नाही. ऑप्शनला टाकला. अभ्यास निम्म्याने हलका झाला.
काल जादा पाळी होती. दरवेळी 'यायलाच पाहिजे' म्हणतो. या वेळी 'जमलं तर बघा' म्हटलं होतं. सगळे आले. कुणी तोंड वाकडं केलं नाही. माझ्या बढतीचा वास लागलेला दिसतोय, आत्तापासून मर्जी सांभाळतायत.

१२ मार्च
वुड करायचं होतं. झोप आली.
पण एक जबरदस्त कल्पना सुचली. लॉन्ड्रीतल्या लोकांनीच मॅनेजरसाहेबांकडे माझ्याबद्दल चांगलं बोलावं! जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं की साहेब मला वर न्यायचा विचार करतायत, तर आपण त्यांना भेटू शकाल का. जास्त स्पष्ट बोललो नाही, हावरटपणा दिसतो. काकांचे डोळे भरून आले. वाफेमुळे असेल. म्हणाले की तुम्ही अजिबात काळजी करू नका, आम्ही बघतो.

१३ मार्च
लॉन्ड्रीतले सगळे जण धुतलेले युनिफॉर्म घालून सर्व्हिस लिफ्टने वर गेले. लवकर आलेच नाहीत. मी या मशीनपासून त्या मशीनपर्यंत येरझाऱ्या घालत होतो. आले ते खुशीतच. ताई म्हणाल्या की काम फत्ते.
घरी जाताना ब्लेझर शिवायला टाकला. बायको म्हणाली, निकाल तरी लागू द्या. तिचा स्वभावच माइटचा.

१४ मार्च, शुक्रवार
'मे आय कम इन, सर' अचूक म्हटलं. त्यापुढे इंग्रजीची वेळच आली नाही.
साहेब मराठीतच बोलले. म्हणाले की लॉन्ड्रीची अख्खी फौज काल इथे उभी होती. आमच्या सुपरवायझरांना नेऊ नका, आता कुठे कामाला यावंसं वाटायला लागलंय, असं म्हणत होती. मशीनवाल्या ताई तर रडल्या. अशा माणसाला तळघरातून हलवण्याचा मूर्खपणा आपण कधीच करणार नाही, असं सांगून साहेबांनी माझा हात दाबला. रिसेप्शनवर दरवान जाणार. त्याला अडवायला कुणी आलं नव्हतं.
खाली आलो तर टाळ्या. एकेकाला फाडून खावंसं वाटत होतं. ओरडायला तोंड उघडलं आणि 'आभारी आहे' बाहेर पडलं. मग रडूच आलं. मला वर जायचं होतं हो. काका सगळ्यांना सांगत होते, बघा, किती जीव आहे आपल्यावर. ताईंनी डोळे पुसायला पाहुण्यांचा कोरा टॉवेल दिला.
तो मीच मशीनमध्ये टाकला.