डोमाजीच्या बापाचं नाव

९ जून ८६
डोमाजीले घेऊन शाळेत गेली. हेडमास्तरनं पोराचं नाव लिहिलं अन् पेन थांबवला. म्हणे, सुमनबाई, बापाच्या जागी तुमच्या भावाचं नाव टाकून देऊ, कशाले बोभाटा? मी म्हटलं, भाऊ त्याचा मामा आहे. मंग म्हणे, जागा कोरी ठेवू. कोरी बी नाई ठेवाची. याच्या बापाले नाव आहे, गाव आहे, सरकारी पगार आहे.
भरती अडली. अडू दे. तोवर माझ्या बालवाडीतच बसवते.

१४ जून
चंद्रपूर, पोराच्या बापावर टाकलेल्या केससाठी. वकीलसाहेबाच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अर्धं बोलणं कळते, अर्धं समजून घ्या लागते. रक्त तपासणीचं विचारलं. रक्तातून 'हा बाप नाही' एवढंच निघते म्हणे, 'हाच बाप' असं निघत नाई. अन् तो तर रक्तच देत नाई.
तो म्हणजे पोराचा बाप, मास्तर. कोर्टात त्याचं नाव खणखणीत घेते, त्याच्या बापासकट. या वहीत लिहीत नाई. माझी वही आहे.
त्याचं म्हणणं, गावात नोकरी होती, आमच्या ओसरीवरच्या खोलीत भाड्यानं राह्यलो, बस. विहारात लग्न लावू म्हणत होता, ते कुठी गेलं?
साक्षीदार पायजेत. बारशाले कोण कोण होतं? माझी आई, ते गेली. भाऊ, पण सख्ख्या भावाचं कोण ऐकते. अन् मास्तरची माय, ते बुढी.

१५ जून
रातभर तेच डोक्यात. बारशाले बुढी स्वतः आली होती. पोराच्या कमरेले काळा करगोटा तिनंच बांधला, बापाच्या मायनंच बांधाचा म्हणून. नाव ठेवलं मास्तरनं, आपल्या मेलेल्या बापाचं. मले नको होतं, इतकं जुनं नाव आता कोण ठेवते? बुढी खूश झाली अन् फसली बी. नवऱ्याचं नाव तोंडानं घेईन कशी? म्हणून 'बुढाजी' म्हणे. बाकी सारं गाव त्याले डोमा म्हणते.
दरसाल धानाचा रोवणा आटपला की यायची, पोरासाठी लाह्या घेऊन. लेकाचं मूल गावच्या पोरीशी लग्न लागलं, तवापासून बंद.

१८ जुलै
भावाच्या बांदीत, धानाच्या वावरात, रोवणा. कंबर धरली. शेजारची शांता म्हणे, सोडून दे माय, त्याचा संसार लागला आता. मी म्हटलं, नवरा मूलवालीले लखलाभ. मले माझ्या पोराच्या बापाचं नाव पायजे. कोणीतरी मागून म्हणे, मंग हेडमास्तरचंच टाकून दे. सारी बांदी हसली. मी बी हसली.
घरी येऊन भांडे आपटले. पोरगं म्हणे, आई कोणावर रागावली? तुझ्यावर नाई रे राजा.

४ ऑगस्ट
कोर्ट. मास्तरनं मायलेच साक्षीले आणलं! नवं लुगडं नेसवून. माझ्याकडे पाहे ना. सांगतलं, मी ते गाव पाह्यलं नाई, हे लेकरू पाह्यलं नाई. पढवलेलं सारं, एका दमात.
आमच्या वकिलानं विचारलं, तुमच्या यजमानाचं नाव काय? बुढीनं पदर पुढे ओढला. कारकुनानंच कागद पाहून सांगतलं, डोमाजी. वकील म्हणे, या पोराचं बी तेच. समोरचा वकील उठला, नाव कोणीही ठेवू शकते साहेब. तेवढ्यावर गेलं असतं.
तितक्यात आमचं कार्टं, बसून बसून कंटाळलेलं, खिडकीत चढलं. बुढीच्या तोंडून निघून गेलं, "बुढाजी, पडशीन नं!"
पोरगं वळलं. उतरलं. सरळ जाऊन तिच्या लुगड्याले धरून उभं राह्यलं. दोन वर्ष भेट नाई, तरी.
मास्तर चपलेकडे पाहून राह्यला. समोरचा वकील म्हणे, आमच्याकडे कोणत्याही लेकराले लाडानं बुढाजी म्हणतात. जजसाहेबांनी बुढीले विचारलं, असं आहे का? तिनं पदर आणखी पुढे ओढला. साहेबांनी पुढची तारीख दिली, बाईले पुन्हा आणा म्हणे. आमच्या वकिलानं खर्रा गिळला.

५ ऑगस्ट
बुढीचा राग येते. नातवाले पाह्यलं नाई म्हणायले जीभ धजली कशी? पण त्यानं लुगडं धरलं तवा तिचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला, तो बी मी पाह्यला. पाह्यला नसता तर बरं झालं असतं. रागावाले सोपं गेलं असतं.

५ सप्टें., तान्हा पोळा
गल्लीत पोरं लाकडी बैल सजवून राह्यले. आमच्याजवळ बैल नाई, डोमा तोंड पाडून बसला. दुपारी दारात बुढी. एकटी. पदराखाली लाकडी नंदी.
मी आत ये म्हटलं नाई. ते बी आली नाई. म्हणे, मले लेकाच्याच घरी भात खा लागते पोरी. मी म्हटलं, मंग इथी खा. पण आधी कोर्टात सांगा, हा कोणाचा नातू. नवऱ्याचं नाव घेऊन सांगा.
"तू तरी माह्या लेकाचं नाव कुठी घेतेस?"
झोंबलं. मी म्हटलं, "तुम्ही मानानं घेत नाई, मी रागानं. अन् कोर्टात मी घेते बाई, दरवेळी घेते."
मंग मीच बाजूले झाली. पोरासमोर बसून तिनं नंदीले दोरी बांधून दिली. पोरगं म्हणे, आजी, माझं नाव बुढाजी नाई, डोमाजी आहे, म्हण. बुढीचे ओठ हालले. "डो" म्हणाली अन् पदर तोंडात धरला. पोरगं हसून हसून लोळलं. मले हसू आलं नाई.
ताटात भात वाढला. जेवली. शेवटच्या गाडीनं गेली.

१० सप्टें.
उद्या तारीख. बुढी त्या दिवशी जातानी म्हणे, तारखेले येते. लेकासोबत का आमच्यासोबत, ते बोलली नाई. मी बी विचारलं नाई, हातापाया पडाची नाई मी.
वकील म्हणे, तिनं तोंड उघडलं तर काम झालं, नाई उघडलं तर सांगता येत नाई. नाई झालं तर वरच्या कोर्टात जाईन.
डोमाचा सदरा धुऊन ठेवला. नंदी नेतो म्हणते कोर्टात. नेऊ दे. बुढीले दिसला पायजे.