उलट्या चोचीची पळी

नेर, १२ जानेवारी १९५८

चि. सौ. रजनीस अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचले. वाटणीची यादी आईनेच लिहून ठेवली होती, म्हणून बोलता येत नाही. पण तुला अत्तरदाणी, गुलाबदाणी, आणि मला ही चांदीची तुपाची पळी! उजव्या हातात धरली की चोच बाहेरच्या अंगाला येते. वाढायचे कसे? सासूबाई म्हणाल्या, सोनाराची चूक तुझ्या वाट्याला आली. हसले, पण लागले गं. लहानपणी डाव्या हाताने काही उचलले की आई चिमटा काढायची, मग तो हात पदराला बांधून ठेवायची. तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही असे वाटते. पळी परत पाठवते आहे, सोनाराला दाखव. मोडीत मात्र घालू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

यवतमाळ, २ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

उकंडा सोनारांनी भिंग लावून पाहिली. म्हणाले, चूक कायची, बाई? डाव्या हाताने वाढणाऱ्यासाठी मुद्दाम घडवली आहे, पन्नास वर्षे तरी झाली असतील. तू तर अडतिशीची! मग कोणासाठी? पांढरकवड्याला नीळकंठमामांना विचारले. ते मला काही सांगेनात, तुलाच लिहितो म्हणाले. मोठ्या लेकीचा मान! बसने तिकडे येणाऱ्या शेजारच्या हंसाबाईंबरोबर पळी धाडते आहे.

रुसलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी रजनी

पांढरकवडा, १९ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. कुंदास मामाचे आशीर्वाद.

पळी आक्काची, म्हणजे तुझ्या आईची. ती डावरी होती. लग्नात आमच्या बाबांनी हौसेने करून दिली. सासरी पहिल्याच पंगतीत तिने डाव्या हाताने तूप वाढले आणि माणसे पानावरून उठली. वर्षभर तिचा हात पदराला बांधलेला मी पाहिला आहे. पुढे तुझाही बांधू लागली तेव्हा मी भांडलो. ती म्हणाली, मी बांधला तर हळू बांधीन. मुलींना सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. ती आज मोडतो.

म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

नीळकंठमामा

नेर, ११ मार्च १९५८

चि. सौ. रजनीस अनेक आशीर्वाद.

मामांचे पत्र सोबत ठेवले आहे, वाच. मला आधी संतापच आला. स्वतः सोसले, तरी माझ्याशी तेच केले! दोन दिवस पळीकडे पाहिले नाही. मग यादीतली तिची ओळ आठवली : पळी कुंदालाच द्यावी. एवढेच. तोंडाने तिला कधी जमले नसते.

होळीच्या पंगतीत मी डाव्या हातात पळी घेतली. सासूबाईंनी वर पाहिले. कोणी उठले नाही. पण हात असा वेडावाकडा वळला की निम्मे तूप पानाबाहेर! तीस वर्षांत तो सगळे विसरला आहे, गं. सासूबाईंनी फडके पुढे केले आणि म्हणाल्या, आता पुढच्या पानाला वाढ.

वाढले. आता रोज वाढते. परवा वरणावर बरोबर मधोमध धार पडली.

पत्राची वाट पाहते.

तुझी ताई