चाळीतलं पेव

सोलापूर, जेठ, सन १९३०

तीर्थरूप हरिबादादा, मुक्काम वळसंग, यांच्या पायांवर धाकट्या केराबाईचं डोकं. गुडघा कसा हाय? लेप लावता, का नुसता वयनीला दाखवता? हितं आमी सगळी बरी हाय. माझी शाळा तिसरीत सुटली, तवा अक्षराला नावं न ठेवता वाचून घ्या.

तुमी बिरप्पाच्या गाडीतनं धाडलेलं ज्वारीचं पोतं पोचलं. (तोंड हिरव्या काठाच्या चिंधीनं बांधलेलं, तेच.) लई उपकार झाले. पाडव्याला आपलं वाजलं, तवा "सोलापूरकरांनी बाजारातनं आणून खावं" म्हणालात, ते मी विसरले. म्हंजे ध्यानात हाय, पण विसरले. बाजार हाय कुटं? गेल्या महिन्यात तीन-चार दिस म्हणत होते सोराज्य आलं, मग मार्शल लॉ आला. ज्वारी दोन्हीत महागली. ज्या पैशात पायली यायची त्यात वाणी आता अधोली मापतो, तीबी दार किलकिलं करून, आन् का म्हणून विचारलं तर म्हणतो, सरकारला विचारा. गिरणी बंद, आमचे मालक घरात बसून माझं तोंड बघत्यात. तुमचं पोतं नसतं तर पोरांच्या ताटात काय वाढलं असतं, ते लिहवत न्हाय.

पण एका खोलीत पोतं ठेवायचं कुटं? दिसलं की सगळी मागणार. पोतं आलं त्याच सांजंला भिंतीपलीकडच्या ईरम्मानं (मागावर बसती, तेलुगू माणूस, पण भांडती मराठीत) शेरभर ज्वारी मागितली. म्या तोंड वर करून सांगितलं, घरात दाणा न्हाय. मग म्हटलं, आपले आबा गावाकडं दाणा पुरून ठेवायला करायचे तसं पेव काढावं. मालकांनी भिंतीलगत कंबरभर खड्डा खांदला, म्या त्यात कडबा पेटवून आतनं कोरडा भाजला, पेंढा लावला, ज्वारी ओतली, वर फरशी, माती, सारवण. झाक झालं. पण संचारबंदीच्या गावात खिडकीतनं धूर निघाला की. कुणीतरी जाऊन सांगितलं, गिरणीवाल्यानं घरात काय तरी पुरलंय.

आठव्या दिशी फौजदार दारात, संगं दोन शिपाई.

"काय पुरलंय बाई?"

"पेव हाय."

"पेव म्हणजे काय?" (नोकरी सरकारची, आन् ज्वारी कुटं ठेवत्यात ठावं न्हाय.)

उकरा म्हणाले. मालकांनी कुदळ घेतली. फरशी उचलली तशी म्या वरडले, "मागं व्हा सायेब, आत जीव घेणारी वाफ आसती," आन् चिमणी पेटवून दोरीनं आत सोडाय लागले. (पेव उघडलं की आदी दिवा सोडायचा, विझला तर आत उतरायचं न्हाय. कंबरभर खड्ड्यात कसली वाफ, पण रीत ती रीत.) त्यांनी काय समजून घेतलं देवाला ठावं, तिघंबी असे पळाले की एका शिपायाचा पाय ईरम्माच्या सुताच्या रंगात गेला. अजून एक पाय जांभळा घेऊन पहारा करतोय.

वाफ न्हाय, बाँब न्हाय, पण बुडाची ज्वारी भिजून मोड आलेले. त्या भिंतीमागंच ईरम्माची मोरी. फौजदार आणखी पंधरा दिस आला नसता तर सगळं सडलं असतं. म्या त्याला दोन भाकरी आन् ठेचा वाढला. त्यानं खाल्ला, डोळे पुसले, गेला.

मग ज्वारी बोळात वाळत घालायला लागली, सगळ्या चाळीसमोर. ईरम्मानं तिचं मागावरचं नवं कापड आणून अंथरलं, सूप आणलं, माझ्याजवळ बसून निवडाय लागली. दाणा न्हाय म्हणलेलं एका शब्दानं काढलं न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं. आता सात चुली तुमच्या ज्वारीवर पेटत्यात, आन् मोड आलेली दळून समद्यांना आंबील. सगळी तुमचं नाव घेत्यात.

तुमची,
केराबाई

ता. क. सात चुलींत पोतं सरत आलंय. उसनं न्हाय, सरळ मागतीया. अजून एक धाडा.

दुसरा ता. क. दादा, एवढं वाचून "कसलं पोतं?" म्हणालाच असाल. तुमी बांधलं असतं तर सुतळीनं बांधलं असतं. हिरवा काठ वयनीच्या लुगड्याचा हाय, पाडव्याला माझ्याशी भांडताना तिनं तेच नेसलं होतं. तिला बोलू नका. तिची भाकरी कातड्यावानी आसती म्हणाले होते, ते माघारी घेते. थोडी जाड आसती, एवढंच.

आता दुसरं पोतं तुमी बांधा, सुतळीनं. तिच्या लुगड्याला काठ एकच शिल्लक आसंल.