आधी ड्रायव्हर, मग वायर

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३

खोकं आलं! मदतकेंद्राच्या मेर्वीने पाठवलेली ब्रेलची पट्टी. कॉम्प्युटरवर जी ओळ असेल ती या पट्टीवर टिंबांनी वर येणार आणि मी बोटाने वाचणार — म्हणे. आत एक पिवळा कागद. त्यावरची अक्षरं एवढी मोठी की मलासुद्धा दिसली. आधी सीडीतला ड्रायव्हर घाला, मगच वायर जोडा.

सीडीवरचं बारीक वाचायला भिंग हवं म्हणून आत गेले. बाहेर येते तर टाऊनोने वायर जोडून ठेवलेली! या नवऱ्याशी इतकी वर्षं संसार केला, शिलाई मशीन असो की पाण्याचा पंप — आधी चालू करायचं, कागद नंतर वाचायचा. तोही वाचला तर. आता कॉम्प्युटरला वाटतंय, हा नवा माउसच आला. पडद्यावरचा बाण पिसाळला. आपोआप फायली उघडतोय, मिटतोय, माझी दोन पत्रं कुठे गेली देव जाणे. शेवटी मीच वायर उपटली.

टाऊनो म्हणाला, चालतंय तर!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मेर्वीला फोन. रागावली नाही. निम्मी गिऱ्हाइकं हेच करतात म्हणाली. "आधी ड्रायव्हरने ओळख करून दिली नाही ना इर्या, की कॉम्प्युटर अंदाज बांधतो. आणि एकदा बांधला की सोडत नाही." म्हणून आधी तो चुकीचा अंदाज पुसायचा, मग ड्रायव्हर घालायचा, मग वायर. मी भिंगातून वाचत होते, टाऊनो बटणं दाबत होता. दोघेही एकमेकांवर खेकसत होतो.

जमलं. बोटाखाली टिंबं वर आली. वाळूवरून हात फिरवावा तसं वाटलं, कळलं काहीच नाही. कळणार कुठून? ब्रेल मला येतच नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पट्टीवर टेबलक्लॉथ घातला.

रविवार, ९ नोव्हेंबर

डावा डोळा केव्हाच गेला. उजव्याचं डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाईल किंवा एखाद्या दिवशी एकदम. गेल्यावर उपाय नाही. हे मी घरी बोलत नाही, म्हणून इथे.

आमच्या साप्ताहिकाची प्रुफं मी वाचते. संपादक काळजीने म्हणतात, वाचून दाखवणारा प्रोग्राम घे. घेतला होता! तो स्वल्पविराम गिळतो. चुकीचा शब्दही झोकात वाचतो. मला अक्षर न् अक्षर हाताखाली हवं, नाहीतर ते काम माझं राहिलं नाही.

मग वाचनालयातल्या ब्रेलच्या वर्गाला का जात नाही? नाही जात. दिसतंय तोवर डोळ्यांनी वाचेन. पाहुणा अजून दारात नाही आणि आपण पानं मांडून बसायचं! अंधार आला की बघू. तेव्हा वेळच वेळ असेल.

भीती वाटते. बस्.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तळं गोठलं. टाऊनो लोखंडी पहार घेऊन बर्फ तपासायला गेला. दरवर्षीसारखाच — एक ठोका, एक पाऊल. मी काठावरून बघत होते. एक काळी रेघ हलत होती, तोच असणार.

परत आला. कॉफी ओतली, वेलचीचा पाव पुढे केला. मग म्हणाला, बर्फावर आधी पाय ठेवून मग जाडी मोजतं का कुणी? गाडी ब्रेलच्या वर्गाकडे चाललीय ते मला लगेच कळलं. म्हटलं, बघा कोण शिकवतंय! वायर कोणी जोडली होती आधी? यंत्राच्या बाबतीत तुझं "बघू नंतर" आणि मला मात्र म्हणतोस, तहान लागायच्या आधी विहीर खण!

तो कप फिरवत राहिला. "यंत्र बिघडलं तर मेर्वीला फोन लावता येतो. तू खचलीस तर मी कुणाला लावू?"

 सौनाच्या वाफेत जाऊन रडले. तिथे सगळ्यांचेच डोळे ओले असतात, कुणी विचारत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेले वर्गाला. शिकवणारे आइमो जन्मापासून आंधळे. माझ्याजवळ दोन मिनिटं बसले आणि म्हणाले, तू डोळ्यांनी टिंबं बघतेयस, लबाड! त्यांना कसं कळलं? म्हणे, फार लवकर उत्तर देतेस.

आज माझं नाव वाचता आलं. डोळे मिटून. जवळजवळ मिटून.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पट्टीवरचा टेबलक्लॉथ गेला; टाऊनो आता माझ्या हातांवर टॉवेल टाकतो. चोरी बंद. एका बोटाने टाइप करतो आणि मी वाचायचं. बटाटे. पंप. शेजारीण. मग पुष्कळ वेळ टकटक, आणि मी चाचपडत लावलं — कॉफी कोण करणार? म्हटलं, तू.

गेला बिचारा.

बुधवार, ३ डिसेंबर

अख्खा परिच्छेद वाचला, साप्ताहिकातला! आणि त्यात एक जादा स्वल्पविराम पकडला. बोटाने! टॉवेल उडवून उठले. टाऊनोला वाटलं, शॉक बसला.

संपादकांना कळवलं. जानेवारीतही प्रुफं माझ्याकडेच.

ही रोजनिशी मात्र कागदावरच. जाड काळं पेन, पानाला जेमतेम आठदहा शब्द, वह्यांवर वह्या जातात, जाऊ देत. हे मी यंत्राला देणार नाही.

शनिवार, ६ डिसेंबर, स्वातंत्र्यदिन

हे यंत्रावर लिहितेय.

सकाळपासून सगळं करडं होतं. ढग असतील म्हटलं. संध्याकाळचे सहा वाजले तसं टाऊनोला सांगितलं, स्वातंत्र्यदिनाच्या मेणबत्त्या सगळ्यांच्या खिडक्यांत लागल्या असतील, आपल्याही दोन लाव.

त्याने माझा हात धरून खिडकीपाशी नेला, बोटांना ऊब लागली. मग म्हणाला, "लावल्यात, इर्या."

टॉवेल लागला नाही. वरचं सगळं बोटाने वाचून काढलं. एक चूक होती, दुरुस्त केली.