निळी फाइल

मिस हॅल्व्हर्सन यांना,

तुम्ही शाळा सोडून कुठे गेलात, मला माहीत नाही. पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं.

सित्लालीचा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आता आम्ही मायलेकी एकाच शेडमध्ये सफरचंदं निवडतो. हात चालवता चालवता ती म्हणते, "या देशात राहायचे कागद नसलेल्या मुलांनाही शिष्यवृत्ती मिळते म्हणाल्या, आणि मला विसरूनच गेल्या."

तुम्ही विसरला नव्हता. जूनमधल्या त्या दुपारी ती बागेत कामाला गेली होती, तेव्हा तुम्ही दार वाजवलंत. गळ्यात ओळखपत्र, हातात निळी फाइल. असं ओळखपत्र दिसलं की आमच्या वस्तीत कुणी दार उघडत नाही. मी टीव्ही बंद केला आणि जमिनीवर बसले.

"सेन्योरा, कॉलेजच्या अर्जावर फक्त तुमची सही हवीय. आज शेवटचा दिवस आहे," तुम्ही बाहेरून म्हणालात.

कागद नसलेल्यांना पकडायला येणारेही शाळेचंच नाव सांगतात, असं ऐकून होते. तुम्ही जायला वळलात तेव्हा पडद्याआडून चेहरा दिसला आणि तुम्हाला ओळखलं. हाक मारता आली असती. मी पडदा नीट ओढून घेतला.

तिला मी हे कधीच सांगितलं नाही.

काल पुन्हा दार वाजलं. मी उठायच्या आत सित्लालीनं टीव्ही बंद केला आणि हाताला धरून मला खाली बसवलं. तुम्ही म्हणायचात ना, या पोरीला एकदा शिकवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सित्लालीची आई,
एउलालिया