बांगड्याच्या पोटासाठी सही

१२ मार्च २००३, बुधवार

कोचीच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. उन्हाळी संशोधनासाठी माझी निवड झाली, विद्यावेतनही मिळणार. फक्त पालकाची सही हवी, आणि अब्बा-अम्मी दोघंही कुवेतला. म्हणून संध्याकाळी बुरोंडीला मामूंकडे गेले.

"तिथे करणार काय तू?"

"बांगड्याचं पोट फाडून त्यानं काय खाल्लं ते लिहायचं."

मामूंनी पत्र दोनदा उलटून पाहिलं. "तुझी मामी तीस वर्षं बांगड्याची पोटं साफ करतेय. तिला कुणी पत्र नाही पाठवलं."

मामू नाही म्हणाले तर?

तेवढ्यात मामी बाहेर आली. "पेन इकडे द्या. यातलं तुम्हाला काय कळतं?" म्हणत साक्षरता वर्गात शिकलेली सही तिनं सावकाश, जीव ओतून केली.

'पालकाशी नातं' पुढे मी 'मामी' लिहिलंय. चालेल ना?