पेल्यातला पूल

३ फेब्रुवारी

डीसी! आजपासून खरं काम. कारखान्यात पहिल्यांदाच डीसी लाइनसाठी ट्रान्सफॉर्मर बनतोय आणि त्यात भरायचं तेल तपासणं माझ्याकडे. काचेचा पेला, आत समोरासमोर दोन पितळी गोळे, मधे जेमतेम नख जाईल एवढी फट. तेल ओतायचं, व्होल्टेज चढवत न्यायचं, ठिणगी कधी पडते ते बघायचं.

एसीवर हे महिनाभर केलं. डीसीचं वागणं निराळंच. व्होल्टेज दिलं की तेलातून जाणारा करंट आधी उसळतो, मग हळूहळू उतरत जातो. तेलातले भारित कण दोन्ही बाजूंना ओढले जातात, वाहून न्यायला कमी कमी उरतात — पुस्तकात वाचलं होतं. पण काटा उतरताना डोळ्यांनी बघणं! चहा गार झाला, कळलंही नाही.

४ फेब्रुवारी

आधीचे लोक पेला नुसता विसळून उपडा ठेवायचे. मला ते पटेना. मी पुसून लख्ख करते. आईने जुनी चादर फाडून फडकी शिवून दिलीत, चारी कडा दुमडून. तीच रोज धुते. अशी पांढरी की हात लावायला भीती वाटावी. घरातली पहिली पदवी माझी, तेव्हा माझं फडकंसुद्धा तिला शिकलेलं दिसायला हवंय. धाकटा म्हणतो, "ताई, दिवसभर तेलात असतेस, जरा डोक्यालाही लावत जा."

७ फेब्रुवारी

तेल नापास. डीसीवर निम्म्यातच ठिणगी. तोच नमुना एसीवर पास! आणि करंट उतरायचा सोडून चढत जातो. का?

८ फेब्रुवारी

नवा नमुना. तेच.

१० फेब्रुवारी

दिसलं! दिवे घालवले, पेल्यामागे टॉर्च धरला. तेलात केसाहून बारीक तंतू तरंगत होते. डीसी दिल्याबरोबर ते फटीकडे सरकले, एकाच्या शेपटीला दुसरा लागला, आणि बघता बघता या गोळ्यापासून त्या गोळ्यापर्यंत पूल! ठिणगी त्याच्यावरूनच गेली. एसीची दिशा सारखी पालटते, त्यामुळे त्यांना असं जुळून उभं राहणं जमत नसावं. डीसी मात्र एकीकडेच ओढत राहतो. पाच वेळा पूल बांधून पाहिला. हात थांबेचना.

साहेबांना बोलावलं. त्यांनी पेल्याला डोळाच लावला. म्हणाले, कागदाचे तंतू आहेत, तेल गाळायच्या फिल्टरचा कागद फाटला असणार. पुढच्या सोमवारी मोठ्या बैठकीत हे तू स्वतः दाखव.

मी! घरी सांगितलं तर आईने शेजारी जाऊन सांगितलं. शेजारणीने विचारलं म्हणे, तेलात कसला पूल? आई म्हणाली, ते शिकलेल्यांनाच दिसतं.

१३ फेब्रुवारी

तेल गाळायचं यंत्र चालवतात ते फिल्टरकाका — बाबांच्या वयाचे — त्यांना यंत्रावरून काढलं. आता यार्डात रिकामी पिंपं रचतात. ठेवायचं की घरी पाठवायचं, ते सोमवारच्या बैठकीत ठरणार. म्हणजे मी पूल दाखवल्यावर!

काकांनी म्हणे यंत्र खोलून दाखवलं, कागद धड होता. साहेब म्हणाले, "मग तंतू आभाळातून पडले का?"

पण प्रश्न चांगला आहे. कुठून पडले?

१४ फेब्रुवारी

पुलातले तंतू सुईने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तंतूंना निळे कण चिकटलेत. बारीक, गडद निळे. फिल्टरचा कागद आणून तोही पाहिला. पिवळसर, निळ्याचा मागमूस नाही.

जेवणाच्या सुट्टीत यार्डात गेले. काकांना विचारलं, तुमच्याकडे निळं काय काय असतं? ते पिंपावर बसले होते. जरा विचार करून म्हणाले, "एक पेन होतं पोरी. तेही तुझ्या साहेबांनी सहीला नेलं." हसले. मीही हसले. उठताना त्यांनी विचारलं, "सोमवारी तू बोलणार ना?"

हो म्हटलं. बाकी काय म्हणणार?

१५ फेब्रुवारी

दिवसभर निळं शोधत फिरले. पाइप राखाडी, झडपांची चाकं लाल, पिंपं काळी. रंगखात्यात निळा डबा सापडला, जीव हरखला — पण त्यातले कण फारच मोठे. साहेब म्हणाले, रंगाचा नाद सोड, भाषणाची तयारी कर. सोडवत नाही. इतकं सुंदर निळं, आणि त्याला घरच नाही?

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हात धुवायला मोरीत गेले. बादलीत माझी फडकी बुडवलेली. पाणी निळंशार. शेजारी निळीची बाटली.

मला तशीच उभी बघून आई म्हणाली, "नुसत्या साबणाने पिवळी पडतात गं. चारचौघांत तुझं फडकं पांढरंच दिसायला हवं."

एक फडकं पिळून पिशवीत घातलं. उद्या बैठकीत पुलाशेजारी ठेवणार. पण उद्यापर्यंत थांबवत नाही — काकांच्या घरी निघालेय.